कुलूपबंद घरातली वाटी

दात न उघडता तुम्ही कधी मदतीसाठी ओरडून पाहिलंय का? आत्ता पाहा. दातांवर दात घट्ट दाबा आणि शेजारच्या माणसाला हाक मारा. घशातल्या घशात जो घुमल्यासारखा आवाज येतो ना, तेवढाच त्या दिवशी माझ्याजवळ होता... आणि दाराला बाहेरून कुलूप होतं.

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतेय आणि खरं सांगायचं तर चिडून वाचतेय. आमच्या नवीन पनवेलच्या दोन खोल्यांत भुताखेतांना जागाच नव्हती. पलंगाखाली, कपाटावर, शिलाई मशीनच्या झाकणावर, सगळीकडे पत्रकांचे गठ्ठे असायचे. माझे बाबा कळंबोलीच्या लोखंड बाजारात कारकून आणि कामगारांच्या युनियनचे कार्यकर्ते. अक्षरं मी पत्रकांवर शिकले, गणितं त्यांच्या कोऱ्या बाजूवर सोडवली, आणि कॉलेजात स्वतःचं पहिलं पत्रक लिहिलं ते अंगातलं काढायच्या नावाखाली बायकांना झोडपणाऱ्या एका भगताविरुद्ध. माझं नाव क्रांती. तेव्हा हे कोण सांगतंय ते लक्षात ठेवून पुढचं वाचा.

लोडशेडिंगची वर्षं आठवतात ना? तेव्हाची गोष्ट. माझा खालचा जबडा जन्मापासून पुढे होता. समोरचे दात एकमेकांना लागायचेच नाहीत, भाकरीचा तुकडा तोडायचा तर बाजूच्या दातांनी, आणि विशीनंतर कानाजवळचा सांधा असा ठणकायचा की सभेत बोलून घरी आले की रडू यायचं. म्हणून ऑपरेशन. ‘लग्नाचं बघतायत वाटतं’ असं जिन्यात कुजबुजणाऱ्या सगळ्यांना मी तेव्हाच सांगायला हवं होतं, पण तेव्हा मला बोलता येत नव्हतं.

मुंबईच्या हॉस्पिटलात जबडा कापून मागे सरकवला आणि वरचे-खालचे दात तारांनी एकमेकांना बांधून टाकले. काही आठवडे तोंड उघडायचं नाही. घरी आले तेव्हा चेहरा भोपळ्याएवढा सुजलेला, हनुवटी बधिर, लाळ गळतेय ते रुमाल ओला झाल्यावर कळायचं. झोपायचं ते उशांच्या ढिगाला टेकून, जवळजवळ बसूनच. खायचं म्हणजे गाळलेली पेज आणि वरणाचं पाणी, सिरिंजला रबरी नळी लावून गालाच्या आतून. ते मिक्सरवर फिरवायचं तेही वीज असेपर्यंत. नाक अर्धं बंद. मिटलेल्या डब्यात आपल्यालाच कोणीतरी भरून ठेवलंय असं वाटायचं.

बाबांचे युनियनमधले मित्र भेटायला आले आणि दारातच म्हणाले, “चला, अखेर क्रांतीचं तोंड बंद झालं! मालकांना जमलं नाही ते डॉक्टरने केलं.” सगळे हसले. मलाही हसू आलं आणि तारा हिरड्यांत रुतल्या.

आईने तिच्या शाळेतली पाटी आणून दिली, लिहून बोलायला. पण पाटीवरून हाक मारता येत नाही. म्हणून स्टीलची वाटी आणि चमचा. एकदा वाजवलं की पाणी, दोनदा म्हणजे मला धरून बाथरूमला न्या, आणि तीनदा... असाल तसे धावत या. समोरच्या दारातल्या रेहाना चाचींनाही आईने हे शिकवलं, कारण रजा संपल्यावर आई आपटा गावच्या शाळेत आणि बाबा बाजारात, दुपारभर मी एकटी. दार उघडायला मला उठावं लागू नये म्हणून आई बाहेरून कुलूप लावायची, किल्ली चाचींकडे. लँडलाइन होता, पण तोंड बांधलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग? मोबाईल घरात एकच, तो बाबांच्या खिशात.

आता मुख्य गोष्ट — कात्री. तारा कापायची छोटी, टोकाला वाकडी कात्री डॉक्टरांनी दिली होती. “उलटी झाली आणि श्वास अडकला तर वेळ घालवायचा नाही. ही सतत उशाशी हवी,” असं त्यांनी दोनदा बजावलं, कुठल्या तारा कापायच्या ते आईला दाखवलं. आईने घरी येऊन चाचींना दाखवलं.

आणि मग आपट्याहून माझी आत्या आली.

तिने उशी झटकायला उचलली आणि तिचा चेहरा उजळला. “बघ रं दादा! डाक्टर पन लोखंड उशाशी ठेवाय सांगतोय. आमी बोललो की तुमी हसता. ऑपरेशनच्या मानसाला बाहेरचं लगेच धरतं, म्हनून ठेवतात.”

“अगं, ती तारा कापायला आहे,” बाबा म्हणाले.

“तुला काय ठाऊक नाय. हाय ते बरं हाय.”

बाबा युनियनच्या सभेत कधी चिडत नसत, पण बहिणीपुढे त्यांचा आवाज चढला. त्यांनी कात्री उचलली आणि थेट स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या खिळ्याला अडकवली. “माझ्या घरात उशीखाली लोखंड राहणार नाही. हातभर लांब आहे, कोणीही काढून देईल.” मी पलंगावरून दोन्ही हातांनी टाळी वाजवली. खरंच वाजवली. आम्ही तत्त्वाने जिंकलो होतो. दुपारी एकट्या असलेल्या मुलीला ती कोण काढून देणार, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

आवाज त्याच्या आधीच सुरू झाला होता.

आमच्या मजल्यावर तीन घरं. आमचं, समोर चाचींचं, आणि माझ्या पलंगाला लागून जी भिंत, तिच्यापलीकडचं तिसरं. ते एका कुवेतला असणाऱ्या माणसाने बिल्डिंग झाली तेव्हाच घेऊन ठेवलेलं. त्यात कधीच कोणी राहायला आलं नव्हतं. नीट वाचा — कधीच कोणी नाही. म्हणजे तिथे कोणी मेलंही नव्हतं. भुताचा शौक असलेल्यांची तिथेच अडचण होते.

मी पाण्यासाठी एकदा वाजवलं आणि जरा वेळाने भिंतीपलीकडून एक ठोका आला. टण्ण. माझ्या वाटीपेक्षा जड. प्रतिध्वनी, मी म्हटलं. पुढच्या खेपेला दोनदा वाजवलं, दोन ठोके आले. मग मला खोड सुचली. मी चारदा वाजवलं, ज्याला आमच्यात काहीच अर्थ नव्हता. पलीकडे गप्प. पाचदा वाजवलं. गप्प. एकदा वाजवलं... टण्ण.

अर्थ कळणारा प्रतिध्वनी मी ऐकला नव्हता.

संध्याकाळी पाटीवर लिहून बाबांना सांगितलं. त्यांनी भिंतीला कान लावला. “पाइपात हवा असेल गं. वाजव बरं.” मी वाजवलं. काही नाही. आईसमोर वाजवलं. काही नाही. बाबा म्हणाले, “पेनकिलर जोरदार आहे,” आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला तो हात नको होता. मला कोणीतरी माझं ऐकायला हवं होतं.

आत्या परत गेली त्यानंतरच्या दुपारी वीज नव्हती. पंखा बंद, खिडकीतून कळंबोलीकडे जाणाऱ्या ट्रकांचे हॉर्न. आईने सकाळी दिलेलं घट्ट औषध पोटात ढवळत होतं. तोंडात पाणी सुटलं आणि मला कळलं. मी वाटी घ्यायला वळले, कोपर लागलं, वाटी खाली पडून पलंगाखाली घरंगळत गेली. कात्री समोर दिसत होती. खिळ्याला लटकलेली, हातभर लांब म्हणे.

मी उठले. उपाशी शरीराला उठणं माहीत नव्हतं. डोळ्यांपुढे अंधार आला आणि मी पलंग आणि कपाटाच्या मधल्या फटीत उताणी अडकून पडले. त्याच क्षणी उलटी झाली.

ते वर्णन मी करणार नाही. एवढंच की ती बाहेर येऊ शकत नव्हती आणि नाकातून श्वास आत जाऊ शकत नव्हता. मी ओरडले, तो आवाज माझ्याच कवटीत फिरला. पायाने कपाटाला लाथ मारली, पण अनवाणी पायाची लाथ लोखंडी कपाटालाही ऐकू गेली नसेल. मला आठवतं, मला कोणा देवाचं नाव आठवलं नाही. मला फक्त राग आला होता. इतक्या सभा गाजवल्या, आणि मरायचं ते आवाजावाचून?

मग भिंत वाजली.

टण्ण, टण्ण, टण्ण. थांबली. पुन्हा तीन. पुन्हा तीन, इतक्या जोरात की भिंतीचा हादरा फरशीतून माझ्या पाठीला जाणवला. मी वाजवत नव्हते. माझे दोन्ही हात फटीत अडकले होते.

बाहेर चपला वाजल्या, कोणाचं तरी दार धडाधडा ठोठावलं गेलं. आमचं नव्हे. आणि मग आमचं कुलूप निघालं.

“या अल्ला! क्रांती! पालथी हो, पालथी!” चाचींनी मला केसांना आणि खांद्याला धरून ओढलं, कुशीवर केलं, डोकं खाली दाबलं. “कात्री कुठंय? उशीखाली होती ना? कोणी हलवली?” मी खिळ्याकडे बोट दाखवलं. पुढचं त्यांनी कसं केलं ते त्यांनाही आठवत नाही. तार तुटल्याचा कट् आवाज आला, मग दुसरा. जबडा सुटला आणि हवा आत आली. हवेला चव असते. मला तेव्हा कळलं.

मी श्वास घेत होते, चाची जमिनीवर बसून माझं तोंड ओढणीने पुसत होत्या. “मी आधी त्या घराला गेले,” त्या म्हणाल्या. “आवाज तिथून येत होता, कुवेतवाल्याच्या घरातून. दार ठोकलं. मग डोक्यात आलं, तीन... तीन म्हणजे तर आपली पोर! तुझा वाटी वाजवायचा आवाज मला माहिताय गं. हा तो नव्हता. हा आमच्या माहेरच्या तांब्याच्या भांड्यांसारखा, भारी.”

म्हणजे तो आवाज पेनकिलर न घेतलेल्या बाईनेही ऐकला होता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तारा बांधून घरी आणलं. बाबांनी कुवेतवाल्याच्या जुन्या पनवेलमधल्या चुलतभावाकडून किल्ली मिळवली. मी पाटी घेऊन त्यांच्यामागे उभी राहिले. आत फरशीवर सगळीकडे धुळीचा सारखा थर, त्यावर कोणाचंही पाऊल नाही. कोपऱ्यात दगड झालेली सिमेंटची गोणी. भांडं नाही, वाटी नाही. बाबांनी भिंत हाताने चाचपली. पाइप त्या भिंतीतून जातच नव्हते. ते पलीकडच्या भिंतीत होते.

जिन्यात बातमी पसरायला वेळ लागला नाही. त्या दाराशी अगरबत्ती लागली, हळदकुंकू लागलं. एक काका नारळ घेऊन आले आणि भगताला बोलावू म्हणाले. मी तारा बांधलेल्या तोंडाने दारासमोर उभी राहिले आणि पाटी धरली — ‘इथे नारळ फोडू नये. आवाज ऐकू आला, एवढंच खरं आहे.’

“बोलता येत नाही तरी भांडते बघा,” काका म्हणाले.

“बोलता आलं असतं तर पळाला असता तुम्ही,” चाची दारातून म्हणाल्या. “जा, नारळाची चटणी करा घरी.”

त्या रात्री बाबा हळू आवाजात म्हणाले, “हे कुठे लिहू नकोस. उद्या हेच आपल्या तोंडावर मारतील.” मी लिहिलं, ‘जे पाहिलं ते लिहायचं, हे तुम्हीच शिकवलंत.’ त्यांनी पाटी वाचली, खाली ठेवली, उठले. खिळ्यावरची कात्री काढून माझ्या उशीखाली सरकवली. “लोखंड म्हणून नाही हां,” ते म्हणाले.

आत्याला कळलं तेव्हा ती फोनवर फक्त एवढंच म्हणाली, “मी बोलले नवते का?”

तारा निघाल्यावर मी भिंतीजवळ बसून एकदा वाटी वाजवली. उत्तर आलं नाही. दोनदा. नाही. तीनदा वाजवायची माझी हिंमत झाली नाही. पुढे ते घर विकलं गेलं, आता तिथे एक कुटुंब राहतं. त्यांना कधी काही ऐकू आलेलं नाही. मी इतकी वर्षं उत्तर शोधलं. भासाचं म्हणाल तर दोघींना एकच भास कसा, आणि बाहेर उभ्या असलेल्या चाचींना तो दुसऱ्याच दारातून कसा? मला माहीत नाही. ‘माहीत नाही’ म्हणायला मी लाजत नाही. त्या रिकाम्या जागी देव किंवा भूत बसवणाऱ्यांशी माझं भांडण आजही तसंच आहे.

पण तुम्हाला एक मागणं आहे, आणि ते नुसतं वाचून सोडू नका. तुमच्या घरात कोणी बोलू न शकणारं माणूस असेल, ऑपरेशनचं, पक्षाघाताचं, कसलंही, तर त्याच्या दाराला बाहेरून कुलूप लावू नका. त्याला लागणारी वस्तू त्याच्या हाताशी ठेवा, तुमचं तत्त्व तिच्याबद्दल काहीही म्हणो. आणि भिंतीपलीकडून कोणी तीनदा वाजवलं, तर ते घर रिकामं आहे हे पक्कं माहीत असलं तरी... उठा आणि दार ठोठावा.