मांडवाकडे पाठ

भाचीच्या लग्नात मी मांडवाकडे पाठ करून आलो, ही गोष्ट खरी आहे. त्यात राग, रुसवा काही नव्हतं. गिअर अडकला होता.

मी साताऱ्याचा. धाकटी बहीण सुमन सांगलीला, विश्रामबागेत. तिची मुलगी प्राजू लहान असताना मी तिला शब्द देऊन बसलो होतो, की तुझ्या लग्नात मामा तुला जीपमधून मांडवात नेईल. (मुलं असलं काही विसरतात, असा माझा समज होता.) लोणंदचं स्थळ पक्कं झालं आणि पोरीचा पहिला फोन मला.

"मामा, जीप कुठाय?"

जीप सापडली एका ऊसवाल्याच्या गोठ्यात. लष्करातून निवृत्त झालेली, माझ्याहून वयानं थोरली. ड्रायव्हरच्या जागेवर कोंबडी अंडी उबवत बसली होती. ती काही उठेना, म्हणून चालवून न बघताच घेतली! बायको म्हणाली, "अहो, त्यापेक्षा कोंबडी घ्यायची. ती चालते तरी."

दुरुस्तीला शेजारचे सुभेदार आपणहून धावून आले. सगळी नोकरी फौजेच्या गाड्या चालवण्यात गेलेली. जीप बघून म्हातारा गहिवरला.

"गड्या, आशीच गाडी म्या लडाखात चालवलीया. हिला गॅरेजवाल्याच्या हातात दिऊ नगंस. आपुन दोघं करू!"

आणि आम्ही केली! गंजलेल्या इंजिनात रॉकेल ओतून ठेवलं. कार्बोरेटर आमच्या पातेल्यात उकळला. (त्या पातेल्यातली आमटी पुढं बरेच दिवस पेटेल अशी भीती वाटायची.) आणि एका सकाळी इंजिनानं अशी डरकाळी फोडली, की मी आणि सुभेदार भर गल्लीत एकमेकांना मिठी मारून नाचलो. इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

बारीकसारीक खोडी होत्या. गाडी डावीकडं वळवली की हॉर्न आपोआप वाजायचा.

"आवं सुभेदार, हे काय?"

"वायर लागत आसंल कुटंतरी. ऱ्हाऊ दे की! लोकं आपसूक बाजूला व्हत्यात."

गिअरबॉक्स उघडून परत बसवला, तर एक स्प्रिंग खाली उरली.

"आन् ही?"

"जादाची आसंल. फौजंत समदं डबल देत्यात."

मी ती स्प्रिंग जपून खिशात ठेवली.

सुमनला मात्र धास्ती. "दादा, नवरीला मांडवात मामानंच आणायचं असतं, तिथं दुसरं कुणी चालत नाही. मुहूर्त चुकला तर माझ्या दारात उभा राहू नकोस. त्यापेक्षा रिक्षा करू."

"रिक्षा? मामा जिवंत असताना?"

लग्नाच्या दिवशी जीप टेंपोत घालून सांगलीला आणली. (एवढी अक्कल मला आहे.) झेंडूच्या माळा लावल्या. मागं शालूतली प्राजू आणि आमची ही, शेजारी फेटा बांधलेले सुभेदार, आणि स्टिअरिंगवर तसाच फेटा बांधलेला मी! विश्रामबागेच्या रस्त्यानं लोक थांबून बघत होते. माझी छाती शर्टात मावेना.

मंगल कार्यालयाच्या फाटकाशी पोचलो, तर आतून वऱ्हाडाची बस बाहेर येत होती. तिला वाट द्यायला मी थोडी मागं घेतली. बस गेली. मी पहिला गिअर टाकायला गेलो, तर दांडा रिव्हर्समधून हलेना! मी ओढला. सुभेदारांनी ओढला. दोघांनी मिळून ओढला. तेवढ्यात आतून लाउडस्पीकर गरजला, "मुलीच्या मामांनी मुलीला लवकर मांडवात घेऊन यावे!"

"उतर पोरी, चालत जाऊ," मी म्हणालो.

"अजिबात नाही," प्राजू म्हणाली. "मामा, तू शब्द दिलायस. मी जीपमधूनच जाणार."

"बराबर हाय!" सुभेदार ओरडले. "गाडी मागं जातीया न्हवं? मग मागनंच घाला!"

चौकापर्यंत मागं गेलो, तिथं वळसा घेतला आणि जीपची पाठ फाटकाकडं केली. लाउडस्पीकर पुन्हा म्हणाला, "मुलीचे मामा कुठे आहेत?" मी मान मुरडून, फेटा सावरत, मागच्या मागं आत शिरलो. मांडव होता डाव्या हाताला.

स्टिअरिंग फिरवलं आणि हॉर्न जो सुरू झाला, तो थांबेना! बँडवाल्यांना वाटलं इशारा मिळाला, त्यांनी जोरात वाजवायला सुरुवात केली. बँड वाजला म्हणजे लग्न लागलं असं समजून पाव्हण्यांनी अक्षता टाकल्या. सगळ्या! भटजी अंतरपाटामागून ओरडताहेत, "अहो थांबा, मंगलाष्टका व्हायच्यात!" नवरदेव अंतरपाटावरून डोकावतोय. आणि प्राजू मागच्या बाजूला बसलेली, म्हणून मांडवात सगळ्यांच्या पुढं तीच! एक व्याही दुसऱ्याला म्हणाले, "वा! नवरी पुढं, मामा मागं. सातारकरांची पद्धत लय चांगली हाय."

मुहूर्त साधला. मंगलाष्टकांना अक्षता कमी पडल्या, तेव्हा लोकांनी जीपच्या बॉनेटवरच्या वेचून पुन्हा टाकल्या. सुमननं मला भर मांडवात जवळ घेतलं आणि आम्ही दोघंही रडलो.

चार दिवसांनी तिचाच फोन. "दादा, मांडवपरतणीला प्राजूला लोणंदहून आणायला तूच जा. तुझीच जीप ने. माघारी परतायचं तिच्याइतकं कुणाला जमतंय!"

एवढा मान मिळाल्यावर मी गाडी निर्दोष करायचं ठरवलं. खिशातली स्प्रिंग सुभेदारांना दिली, त्यांनी ती जागेवर बसवली आणि रिव्हर्समध्ये अडकणं कायमचं बंद झालं. जीप लोणंदला झोकात गेली. व्याह्यांचं घर बोळाच्या टोकाला, पुढं भिंत. तिथं पोचल्यावर कळलं, की आता रिव्हर्स पडतच नाही.

प्राजू एसटीनं माहेरी गेली. मी अजून व्याह्यांच्या ओसरीवर आहे. चहा वेळेवर मिळतो. उद्या सुभेदार येणार आहेत, म्हणजे आणखी काही दिवस मुक्काम नक्की.