सहावा आकडा

माझी मावशी काजं करायची. शिंप्याकडून शर्टांचे गठ्ठे यायचे आणि ही खिडकीपाशी बसून एकेक भोक दोऱ्याने बांधायची. एका काजाला बावीस टाके, ना एक कमी ना एक जास्त. मोजायची सवय तिच्या बोटांतून डोक्यात शिरली होती. जिन्याच्या पायऱ्या, शेजारणीच्या शिंका, मी ताटात टाकलेले घास, सगळं ती मोजायची आणि कुणाला सांगायची नाही. अशा माणसांपासून जपून राहावं, असं माझं मत आहे.

तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, पाणीपुरवठ्यात ओव्हरसियर होते. कुठे पाइप फुटला की बोलावणं यायचं, म्हणून ऑफिसने घरी फोन दिला होता. तो माडीवर, त्यांच्या खोलीत. ते घरात नसले तर निरोप कोण घेणार, म्हणून त्याच लाइनवर दुसरा फोन खाली मावशीच्या खिडकीपाशी जोडला. त्या जोडणीत एक खोड राहिली. वर कुणी तबकडी फिरवली की खालच्या फोनची घंटा बारीक टिणटिणायची. एक लावला की एकदा, पाच लावला की पाचदा, शून्याला दहादा. लाइनमन म्हणाला, किरकोळ दोष आहे, कधीतरी येऊन काढून देतो. सरकारी माणसाचं कधीतरी ते, अजून उजाडलेलं नाही.

त्यांची एकुलती एक मुलगी म्हणजे माझी ताई. लग्न तीन दिवसांवर आलेलं असताना तिने काकांनी ठरवलेलं स्थळ मोडलं आणि पिशवी उचलून गावाच्या दुसऱ्या टोकाला खोली घेतली. पुढे तिच्या खोलीत फोन बसला, तेव्हा तिने नंबर कागदावर लिहून माझ्या आईच्या हाती पाठवला. काका एकदा हट्टाला पेटले की ब्रह्मदेव आला तरी ऐकायचे नाहीत. त्यांनी कागद वाचला, फाडला आणि बजावलं, की हा नंबर या घरातून लागता कामा नये. मावशीने मान डोलावली. नंबर तिने एकदा पाहिला होता, म्हणजे तो जन्माचा पाठ झाला होता.

पुढच्याच आठवड्यात, दुपारी चारला, तिच्याजवळची घंटा टिणटिणली. काका सकाळची पाळी करून वर पडले होते. मावशीने सुई न थांबवता मोजलं. पहिला आकडा लेकीचा. दुसराही. तिसरा, चौथा, पाचवा. मग काहीच नाही. बऱ्याच वेळाने रिसीव्हर ठेवल्याची एक टिण झाली आणि काका चहाला खाली आले, चेहरा नेहमीसारखाच दगडी. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. सव्वादोन वर्षं हा माणूस रोज चारला मुलीच्या नंबरातले पाच आकडे लावत राहिला आणि सहावा त्याने कधी लावला नाही.

मग एका सकाळी कामावर व्हॉल्व्ह फिरवताना ते मटकन खाली बसले, ते उठलेच नाहीत. ताई आली, तासभर भिंतीला टेकून उभी राहिली. निघताना दारात तिने मावशीला विचारलं, "बाबांनी कधी माझं नाव काढलं होतं?"

मावशी म्हणाली, "नाही."

ताई गेली. महिन्यातून एकदा फोन करायची. गुडघे, औषधं, हवापाणी, दोन मिनिटांत आटोपतं घ्यायची.

यातलं मला तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं. काकांना जाऊन चार वर्षं झाल्यावर मी त्यांच्या खोलीत राहायला गेले. ऑफिसचा फोन मावशीने आपल्या नावावर करून घेतला होता. एवढंच दिसायचं, की चारला मावशी सुई खाली ठेवते आणि फोनकडे बघत बसते. वाऱ्याने बाहेरच्या तारा एकमेकींना लागल्या की घंटा एखादी टिण करायची आणि तिचे ओठ हलायला लागायचे. मला भीती वाटायची, पण विचारायची छाती झाली नाही.

डॉक्टरांनी बोलून ठेवलेले अहवाल टाइप करून पाठवायचं काम मी घेतलं होतं. त्यासाठी काँप्युटर आणला, काकांचा फोन काढून त्या जागी फोनच्या लाइनवरून इंटरनेट जोडणाऱ्या मॉडेमची वायर खुपसली. आमचं एक्स्चेंज मोडकळीला आलेलं, त्यामुळे मॉडेमलाही जुन्या तबकडीसारखा एकेक आकडा मोजून लावायला सांगावं लागलं. दुपारी चारला मी पहिल्यांदा कनेक्शन जोडलं. मॉडेम टकटकला, मग किंचाळायला लागला, आणि तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. गुडघे धरून एकेक पायरी चढणारी मावशी त्या दिवशी धावत आली होती. दारात उभी राहिली.

"आज थांबले नाहीत ते," ती म्हणाली. "सहावा लावला."

मी हसले, याची मला आजही लाज वाटते. हसत हसत तिला यंत्र दाखवलं, आकडे हेच लावतं म्हणून सांगितलं. आकडे कोणते हे तिने ऐकलंच नव्हतं, पाचव्यानंतर घंटा वाजली एवढंच ऐकून ती उठली होती. ती काकांच्या पलंगावर बसली आणि सगळं सांगून मोकळी झाली. मी विचारलं, मग तू वर का नाही गेलीस?

"जन्मभर त्यांचंच चाललं गं," ती म्हणाली. "रोज चारला ते थोडे थोडे हरायचे. मला बरं वाटायचं."

आणि काका गेले त्या दिवशी ताईला दारात खरं का नाही सांगितलंस, हे मी विचारलं नाही. ते सांगायचं तर आपण खाली बसून मोजत होतो हेही सांगावं लागलं असतं. पण तीच म्हणाली, की पोरगी बापाने टाकलेली म्हणून जगतेय, आता मला हे पोटात ठेवून मरता यायचं नाही. ती ताईला फोन लावायला खाली गेली. मी मॉडेमची वायर उपटली, काकांचा फोन परत जोडला आणि मावशी खाली बोलायला लागल्याचं ऐकू येताच वरचा रिसीव्हर कानाला लावला. चोरून ऐकणं वाईट, आणि दोन फोन उचलले की आवाज बारीक होतो, म्हणजे मावशीला कळलंही असणार. तरी मी ऐकलं.

तिने काही झाकलं नाही. चार वाजता, पाच आकडे, सव्वादोन वर्षं. आपलं बरं वाटणंसुद्धा सांगितलं. ताई रडेल, बाबा म्हणेल, असं मला वाटत होतं.

"शेवटचा आकडा तुला माहीत होता ना?" तिने विचारलं.

"होता."

"एक होता, आई," ताई म्हणाली. "बोट एकदा फिरवायचं होतं. त्यांनी नाही तर खालून तू."

तिने आपटला नाही, हळूच ठेवला फोन. मीही ठेवला. खाली गेले तेव्हा मावशी रिसीव्हर कानाला धरूनच बसली होती. तिच्या हातातून तो काढून घ्यायला मला जोर लावावा लागला.