धुरपदाबाईंचा कोपरा

९ जानेवारी २०२४, मंगळवार. सकाळी थंडी होती. चौकात पांढऱ्या फक्कीने नव्या नकाशाची आखणी झाली. धुरपदाबाईंनी दुकान उघडले नाही.

धुरपदाबाई माझ्या घरासमोर चहा आणि भजी विकतात. तरुणपणी ऊसतोडीला ढोकीकडे आल्या. नवरा गेल्यावर आमच्या गावच्या चौकात पत्र्याचे शेड टाकून राहिल्या. दोन्ही मुलींची लग्ने भज्यांच्या कढईवर झाली. मी अंगणात डायरी लिहायला बसले की रस्त्यापलीकडून विचारतात, "बाई, आज माझं नाव घातलं का?"

ग्रामपंचायतीने चौक सुधारायला घेतला. सरपंच शरणबसप्पांना मधोमध मोठा गोल आणि त्यात कारंजे हवे होते. त्यामुळे उसाच्या ट्रॅक्टरना वळायला जागा पुरेना, म्हणून नकाशात धुरपदाबाईंचा कोपरा कापला गेला. नकाशा काढला धाराशिवच्या आर्किटेक्ट अर्पिताने, पण तिचेच समाधान होत नव्हते. शेड अजून उभे होते, म्हणून आज तिने तो गोल कापायच्या कोपऱ्याइतका पलीकडे सरकवून रस्त्यावर फक्कीने आखला आणि कारखान्याकडे निघालेल्या योगीराजचा ट्रॅक्टर थांबवला. मागे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या होत्या.

"दादा, हा गोल म्हणजे भिंत समजा. कोपरा कापल्यावर मिळेल तेवढीच जागा ठेवली आहे, वळा."

योगीराज जपून वळला. पुढची ट्रॉली निभावली, मागची थेट गोलात शिरली.

"हिची तर कारंज्यात आंघोळच झाली की वो!" योगीराज वरूनच ओरडला.

धुरपदाबाई बंद दुकानाच्या पायरीवर बसल्या होत्या, त्या ताडकन उठल्या. "म्हंजे माझं शेड पाडूनबी भागत न्हाय व्हय?"

अर्पिताने खराट्याने फक्की झाडली. गोल लहान करून चौकाच्या मधोमध आखला, दुकानाचा कोपरा न कापता होता तसा ठेवला. योगीराजने पुन्हा वळण घेतले. दोन्ही ट्रॉल्या दुकानाला न घासता निघून गेल्या.

"आन् माझं कारंजं?" बाजूला उभ्या सरपंचांनी विचारले.

"काका, ते पंचायतीसमोर करू. तुम्हाला खुर्चीतून दिसेल."

"मग हे आधी सांगायचं की!" सरपंच म्हणाले, आणि तिथेच त्यांनी अर्पिताला नकाशा असाच बदलायला सांगितले.

धुरपदाबाईंनी पदराने तोंड पुसले, दुकानाचे कुलूप काढले आणि स्टोव्ह पेटवला. पहिला चहा अर्पिताला दिला. मग मला हाक आली, "बाई, आज मात्र घालाच माझं नाव!"

संध्याकाळी: धुरपदाबाईंकडून कांदाभजी आली. भाजी केली नाही. मेथी निवडून उद्यासाठी ठेवली.