हारलन टॅट्रोचं नाक

हारलन टॅट्रोने नोकरीभर नॉर्थ डॅनफर्डच्या रस्त्यांवरचा बर्फ काढला आणि उरलेल्या वेळात मेपलचा रस उकळला. पहिलं काम गावाने त्याला दिलं होतं, दुसरं त्याने स्वतःच्या गळ्यात घालून घेतलं. दोन्हीत तो सारखाच हट्टी. बर्फ काढताना लोकांच्या टपालपेट्या पाडायचा आणि वर म्हणायचा, "रस्त्याच्या इतकी जवळ लावायची कशाला?"

त्याच्या बापाकडे गाई होत्या आणि डोंगराच्या उतारावर मेपलची मोठी राई होती. बापाने दोन्ही विकलं. हारलनच्या वाट्याला रस्त्याकडेचं घर आणि अंगणातली चार जुनी झाडं आली. लग्नानंतरच्या पहिल्याच मार्चमध्ये त्याने त्या चार झाडांना तोट्या ठोकल्या, बादल्या लटकवल्या आणि जमलेला रस आणून डोरीनच्या स्वयंपाकघरातल्या चुलीवर चढवला. रस म्हणजे दिसायला पाणीच. त्यातलं जवळजवळ सगळं वाफ होऊन जातं तेव्हा कुठे तळाशी पाक उरतो, आणि ती वाफ कुठे तरी जाणारच. ती भिंतींवर गेली. डोरीनने नव्या घरात हौसेने स्वतःच्या हाताने गुलाबांचा कागद चिकटवला होता. संध्याकाळपर्यंत तो पट्ट्यापट्ट्यांनी सुटून खाली आला. डोरीनने उकळतं पातेलं उचललं, अंगणातल्या बर्फात नेऊन ठेवलं आणि म्हणाली, "तुझ्या त्या पाण्याच्या जवळपास मी पुन्हा फिरकणार नाही."

ती खरंच फिरकली नाही. नातवंडं झाली तरी नाही. वर आणखी एक अपराध ती राजरोस करत आली: सकाळच्या पॅनकेकवर ती दुकानातल्या बाटलीतला मक्याचा पाक ओतते. आमच्याकडे हे चारचौघांत सांगण्यासारखं नाही. ती सांगते.

घराबाहेर काढल्यावर हारलनने आधी सिमेंटचे ठोकळे रचले, मग त्यावर पत्रा टाकला, मग वारा लागतो म्हणून एक भिंत उभी केली. एक भिंत झाली की दुसरी होतेच. गावची जुनी शाळा पाडली तेव्हा तिथल्या खिडक्या आल्या. दूध डेअरी बंद पडली, तिचं धुराडं आलं. चुलाण तेलाच्या पिंपाचं. दरवाजा कुठल्याशा बँकेचा, त्यावर 'ढकला' असं लिहिलेलं आणि तो उघडतो ओढल्यावर. नवा माणूस बाहेर उभा राहून ढकलत बसला की हारलन आत खुर्चीवर बसून मजा बघतो. छपरावर वाफ जायला झडपांचा छोटा मनोरा. त्याच्या या खोपटाला मी गुऱ्हाळच म्हणते. काहील आहे, चुलाण आहे, मळी काढायची झारी आहे, ऊस तेवढा नाही.

अशी गुऱ्हाळं आमच्याकडे घरटी नाहीत, पण दर तिसऱ्या घरामागे आहेत. मार्चमध्ये लोक एकमेकांना 'कसा आहेस' विचारत नाहीत, 'उकळतोयस का' विचारतात. अंगणातली झाडं पुरेनात म्हणून हारलन शेजाऱ्यांच्या झाडांनाही तोट्या ठोकतो. माझ्याही दोन झाडांना त्याच्या बादल्या असतात. त्याबद्दल प्रत्येक घरी पाकाची बाटली जाते. विकत मात्र त्याने आजवर एक थेंब दिला नाही.

रस्त्यापलीकडे डोरीनचा थोरला भाऊ वेंडेल क्विम्बी राहतो. त्याचं गुऱ्हाळ चकचकीत. झाडाझाडाला निळ्या नळ्या, रसातलं पाणी आधीच काढून टाकणारं यंत्र, उष्णता दाखवणाऱ्या काट्यांच्या तबकड्या. हारलनकडे एक थर्मामीटर होता, तो कधी फुटला त्याला आठवत नाही. त्याचं सगळं काम डोळ्याने आणि नाकाने. झारीच्या कडेवरून पाक थेंबाथेंबाने न पडता पडद्यासारखा सरकला की उतरवायचा, हे डोळ्याचं काम. बाकी नाकाचं. एकदा मी तिथे बसले असताना बाहेर लाकडं फोडणारा हारलन कुऱ्हाड टाकून धावत आत आला आणि त्याने काहिलीखालचा जाळ बाहेर ओढला. मी काहिलीजवळ बसून होते, मला काही कळलं नव्हतं. "करपायला लागला होता," तो म्हणाला. "बाई, तुमच्या नाकाला सर्दी झालीय का?"

आणि मोसमाचा शेवट तर फक्त नाकालाच कळतो. एप्रिलमध्ये झाडाच्या कळ्या फुगल्या की रस बदलतो. दिसतो तसाच, गोडही तेवढाच, पण उकळल्यावर त्याला उग्र, कोबीच्या पाण्यासारखा वास येतो. कळीचा रस म्हणतात त्याला. हे सांगणारी तबकडी वेंडेलकडेही नाही.

चर्चच्या तळघरात दरवर्षी मोसम संपताना जेवण असतं. ज्याने त्याने आपला पाक आपापल्या किटलीत आणायचा, तो गरम करून लांबट ट्रेमधल्या बर्फावर ओतायचा आणि त्याचा चिकट गोळा झाला की काट्याने गुंडाळून खायचा. सोबत डोनट. तोंडाला गोडाची मिठी बसली की आंबट काकडीचा तुकडा, मग पुन्हा गोड. तिथला दंडक असा की कुणाच्याही पाकाला वाईट म्हणायचं नाही. फारच वाईट असला तर म्हणायचं, "दमदार आहे." हारलन गेली कित्येक वर्षं वेंडेलच्या पाकाला, तो चांगला असतानाही, दमदार म्हणत आला होता.

पहिली धार हारलनच्या किटलीची. गावात सगळ्यांत जुनं चुलाण त्याचं, म्हणून.

दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात तो मनोऱ्याची झडप दुरुस्त करायला छपरावर चढला आणि डोक्याच्या मागच्या बाजूवर पडला. इस्पितळातून लवकर सुटला. हाड शाबूत होतं. नोव्हेंबरअखेरीस, थँक्सगिव्हिंगच्या सुमाराला डोरीन माझ्याकडे आली, कोट न काढता टेबलाशी बसली आणि म्हणाली, "काल तो नासलेलं दूध प्याला. पेलाभर. मला फ्रीज उघडताच मळमळलं."

"आणि तो?"

"मिशी पुसली आणि वर्तमानपत्र वाचायला लागला. मग मी गॅस पेटवायच्या आधी सोडून ठेवला थोडा. काही नाही. त्याचा वास गेलाय, बाई. डॉक्टरांना त्याने सांगितलेलंच नाही."

मग तिने त्याला ओढत नेलं. डॉक्टर म्हणाले, येईल परत, किंवा येणारही नाही. हारलनने तिला बजावलं की गावात कुणाला कळता कामा नये, आणि वेंडेलला तर नाहीच. नाक गेलं असं कळलं की लोक हळहळणार, आणि हळहळणारे लोक पहिली धार दुसऱ्याला देणार. बापाची राई गेली होती, बर्फ काढायची गाडी वयाने गेली होती. आता हे एकच उरलं होतं, आणि ते त्याला सोडायचं नव्हतं.

मार्चमध्ये त्याने उकळायला घेतलं. काहिलीसमोरून हलेना, लाकडं आधीच फोडून आत रचून ठेवली होती, जेवणही तिथेच. डोळ्याने जेवढं होतं तेवढं त्याने चोख केलं. सुरुवातीचा पाक उत्तम झाला. माझी बाटली आली, तिच्यात खोट काढायला जागा नव्हती. पण मोसम तोकडा होता, थंडी लवकर हटली. बाटल्या घरोघर वाटून झाल्यावर जेवणासाठी किटली भरेल एवढाही पाक उरला नाही. आणि झाडं तर अजून ठिबकत होती.

डोरीनने परसदारातून हाक मारली, "अरे, तळ्यातले बेडूक ओरडायला लागलेत. बेडूक ओरडले की थांबायचं असतं. काढ त्या तोट्या."

"बेडकांना काय कळतंय?"

"तुझ्यापेक्षा जास्त कळतंय सध्या."

हे तिने बोलायला नको होतं. तो मुद्दाम चुलाण पेटवायला गेला. तिने गुऱ्हाळात पाऊल टाकायचं नाही अशी शपथ घेतलेली, वेंडेल आपल्या यंत्रांत, आणि माझं घर वाऱ्याच्या उलट अंगाला. गावात कुणालाच वास आला नाही. त्याने बादलीतला रस बोटाने चाटून पाहिला. गोड लागला. जीभ त्याची धड होती. आणि तो आयुष्यात पहिल्यांदाच झाडं कळीला आल्यावर उकळत राहिला.

जेवणाच्या दिवशी तळघर भरलेलं होतं. बर्फ वेंडेलने लाकडाच्या भुशाखाली राखून ठेवला होता. पाद्रीबाईंनी प्रार्थना आटोपती घेतली, त्यांनाही भूक होती. किटली तापून आली, हारलनने पहिली धार सोडली. सगळ्यांनी काटे फिरवले.

माझ्या शेजारी लायब्ररीतली मार्व्हा बसली होती. तिने घास तोंडात घातला, गिळला, आणि काकडीच्या वाडग्याकडे हात नेला. पलीकडच्याने वाडगा आधीच ओढून घेतला होता.

"दमदार आहे," मार्व्हा म्हणाली.

"हो, चांगला दमदार," टेबलाच्या टोकाकडून कुणीतरी म्हटलं.

हारलन किटली धरून उभा होता. त्याने स्वतः घास घेतला, चघळला. त्याला गोड लागलं. त्याने टेबलाकडे नीट पाहिलं. काकड्यांचे वाडगे रिकामे होते, आणि ट्रेमधला त्याचा पाक जसाच्या तसा बर्फावर पडून होता. वेंडेल समोर बसला होता. त्याच्या तोंडावर काहीच नव्हतं, आणि वेंडेलच्या तोंडावर काही नसणं ही आमच्याकडे दुर्मीळ गोष्ट आहे.

"काय मेव्हणे," हारलन म्हणाला. "तुमचं काय म्हणणं?"

"दमदार आहे."

"दमदार कशाला म्हणतात ते मला शिकवू नकोस. मी तुला किती वर्षं म्हणतोय! काय झालंय ते सांग."

"अरे, इथे तसं बोलत नाहीत."

"वेंडेल."

वेंडेलने काटा खाली ठेवला. "कळीचा आहे," तो म्हणाला. "ओल्या मोज्यांसारखा वास येतोय. तुला येत नाही?"

इथे हारलनला बऱ्याच गोष्टी म्हणता आल्या असत्या. बर्फ घाण आहे म्हणता आलं असतं, किटली धुतली नव्हती म्हणता आलं असतं. डोरीनने मान खाली घालून हातरुमालाची घडी घातली, मोडली, परत घातली.

"नाही," तो म्हणाला. "छपरावरून पडलो तेव्हापासून काहीच येत नाही. ना मोज्यांचा, ना कशाचा."

लोक हळहळले, त्याला वाटलं होतं तसेच. मार्व्हाने तर त्याचा हात धरला, तो त्याने सोडवून घेतला. मग वेंडेल उठला, हारलनची किटली त्याच्या हातातून काढून बाजूला ठेवली आणि स्वतःची किटली त्याच्या हातात दिली. "ओत," तो म्हणाला. "पहिली धार राहिलीय. लोक उपाशी आहेत."

हारलनने ओतली. पाक वेंडेलचा होता आणि सगळ्यांनी ट्रे चाटून पुसून साफ केला. घरी जाताना गाडीत तो डोरीनला म्हणाला, "चुलाण विकून टाकतो." ती म्हणाली, "पिंप आहे ते. कोण घेणार?"

उन्हाळाभर गुऱ्हाळ बंद राहिलं. झडपेत पक्ष्याने घरटं केलं, ते त्याने काढलं नाही. शरदात लाकडं फोडली नाहीत. फेब्रुवारी संपता संपता डोरीन माझ्याकडे आली आणि तिने माझी बागेतली घडीची खुर्ची मागितली.

"कुठे नेतेस?"

"गुऱ्हाळात. त्याच्या खुर्चीवर बसले तर पाठ धरते माझी."

"आणि शपथ?"

"कागदासाठी घेतली होती शपथ. त्या भिंतीला आता रंग आहे." मग म्हणाली, "मला तो पाक आवडत नाही, म्हणून वास बरोबर कळतो. आवडणाऱ्यांना सगळंच छान लागतं."

पहिल्या दिवशी ती बराच वेळ दरवाजा ढकलत उभी राहिली. आत हारलन हसत बसला असणार, कारण ती आत गेल्यावर काय बोलली ते माझ्या अंगणापर्यंत ऐकू आलं. त्यानंतर ती रोज विणकाम घेऊन काहिलीशेजारी बसायला लागली. त्याने झारी उचलून पाहायची, तिने मान वर न करता नाक उचलायचं. "जाळ ओढ." "थांब अजून." "मळी काढ, किती ती." नोकरीत त्याला कुणी इतके हुकूम सोडले नसतील. एकदा मी गेले तेव्हा तो मला म्हणाला, "बघा बाई, लग्नाला इतकी वर्षं झाली आणि ही आता स्वयंपाकघराबाहेर पण ओरडते." डोरीन म्हणाली, "स्वयंपाकघरात तू ऐकत नव्हतास."

यंदा मोसम लांबला. सगळ्या घरांच्या बाटल्या झाल्या, जेवणाची किटली झाली, तरी रस थांबेना. एप्रिलातल्या एका उबदार दुपारी मी खुर्चीची चौकशी करायला म्हणून गेले. बाहेरची टाकी काठोकाठ भरलेली होती. नव्या रसाची पहिली काहील नुकतीच उकळी धरत होती. डोरीनच्या सुया थांबल्या.

"बस," ती म्हणाली.

"काय बस?"

"संपलं. कळीचा आहे."

हारलनने झारी भरून उजेडात धरली. रस काचेसारखा होता. त्याने बोट बुडवून चाटलं. "गोड आहे."

"असेल गोड."

"टाकी भरलीय, डोरीन. झाडं अजून ठिबकतायत."

"ठिबकू देत."

"बेडूकसुद्धा ओरडत नाहीत अजून."

"हारलन. ओतून टाक ते."

झाडं ठिबकत असताना हा माणूस कधीच थांबलेला नाही. तापात थांबला नाही, मुलीच्या लग्नाच्या दिवशी सकाळीही थांबला नव्हता. मग त्याने जाळ ओढला, बाहेर गेला आणि टाकीची चावी सोडली. रस पायरीखालून वाहत रस्त्याकडेच्या नालीत गेला. टाकी रिकामी व्हायला बराच वेळ लागला आणि तेवढा वेळ तो तिथेच उभा राहून बघत होता. रस्त्यापलीकडे वेंडेलच्या मनोऱ्यातून पांढरी वाफ भसाभस निघत होती.

"तुझा भाऊ उकळतोय अजून," तो म्हणाला.

डोरीनने विणकाम गुंडाळून पिशवीत टाकलं. माझी खुर्ची घडी करून माझ्या हातात दिली.

"उकळू दे त्याला," ती म्हणाली. "जेवणाच्या दिवशी सांगू, दमदार आहे."

हारलन पक्कड घ्यायला आत गेला. तोट्या काढायच्या होत्या, आणि माझ्या झाडांपासून सुरुवात करतो म्हणाला.