दोन फळ्यांचं पाणी

कोपरच्या खाजणातल्या फळीदादाने मला फसवलं. मी त्याला नाही. हे आधीच सांगतो, कारण गावात उलटं बोललं जातं.

फळीदादा उघाडीचा राखणदार. खाडीच्या बांधातलं दार ते उघाडी. तिच्या सहा फळ्या काढल्या की खाजणातल्या तळ्याचं पाणी ओहोटीबरोबर खाडीत जातं. त्या फळ्यांना त्याच्याशिवाय कोणी हात लावत नसे. तोही आधी नमस्कार करी.

स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत डोक्यावर टोपली घेऊन डोंबिवलीभर मासळी विकता विकता मी या तळ्याचा मक्ता मिळवला. पावसाळा सरला की फळ्या काढायच्या, तोंडाशी जाळं लावायचं, झालं. पण तळ्यामधल्या बाभळींवर बगळ्यांची, पाणकावळ्यांची घरटी होती आणि पिल्लांना अजून उडता येत नव्हतं.

"शेट, पानी उतरला का कोल्ही येतील बाभलीखाली," तो म्हणाला. "पिलां उडंपावत चार फल्या ऱ्हाऊ द्या."

"एक."

"तीन तरी."

मी भांडलो, उठून चालू लागलो, परत आलो. शेवटी दोनवर ठरलं. "लय कडक तुमी," असं म्हणत त्याने मान खाली घातली. म्हाताऱ्याला निम्म्यावर आणला, हे मी घरी बायकोला दोनदा सांगितलं.

वरच्या चार फळ्या निघाल्या, पाणी धो धो गेलं. जाळ्यात मूठभर कोळंबी आणि चार चिंबोऱ्या. वर पाहिलं तर सगळीकडे चिखल आणि फक्त बाभळींभोवती कमरेएवढ्या पाण्याचं कडं. माझी सगळी मासळी त्या कड्यात, आणि काठाला बगळे ओळीने जेवायला बसलेले.

तेव्हा उन्हाळा आठवला. बांध दुरुस्त करताना फळीदादा जवळची माती सोडून बाभळींभोवतीचीच खणून नेत होता. मी हसलो होतो. "तिथली माती चिकट, शेट," एवढंच तो म्हणाला होता.

"तुला दोनच हव्या होत्या," मी ओरडलो.

"दोन तुमीच बोल्लाव."

तिथून मी रोज बांधावर जाऊ लागलो, सौद्यावर नजर ठेवायला. कोल्हे कड्यापर्यंत येत आणि पाण्याला तोंड लावून परत जात. मग एका सकाळी पिल्लं उडाली. आधी एक, मग सात-आठ, मग सगळी बाभळ रिकामी. मी टोपी हवेत फेकली. ती चिखलात पडली आणि फळीदादाने ती धुऊन आणून दिली. पुढल्या वर्षी घरट्यांना बाभळी पुरेनात.

फळीदादा वारला, त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर गावकी बसली. सगळ्या फळ्या एकदम काढायचं ठरत होतं. मी उठलो, तासभर भांडलो आणि दोन फळ्या ठेवायला लावल्या. तेव्हापासून दर उन्हाळ्यात बाभळींभोवतीचं कडंही मीच खणून घेतो. पाखरं वाढताहेत, मासळी कमी येते.

मासळीत फसवलं ते फसवलं. पण ही राखण माझ्या गळ्यात कोणी घातली? फळीदादाच्या घरच्यांनी एकदा बांधावर यावं आणि याचा जबाब द्यावा. येताना फावडं आणावं.