तिसरं नको

आमच्या नॉर्डालमध्ये नाही म्हणायची एक रीत आहे. कुणी कॉफी विचारली की पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं की उगीच तुम्हाला त्रास म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की अर्धाच कप म्हणून दोन कप प्यायचे. ज्याला खरोखरच नको असेल त्याने तिसऱ्यांदाही नको म्हणावं, मग पुढे कुणी विचारत नाही. इथली लग्नंसुद्धा अशीच ठरली आहेत, आणि काही जण तिसऱ्यांदा काय म्हणालो ते आठवून अजून हळहळतात. डेलमार स्टेन्सरुडचं घर सरळ झालं त्या आठवड्यातला घोळही यातलाच.

घर म्हणजे तो राहतो ते नव्हे. त्याच्या अंगणाच्या टोकाला, जुन्या हायवेला लागून, एक वाकडं घर आहे. मुळात ते त्याच्या वडिलांचं कोंबड्यांचं खुराडं. अठ्ठावन्न साली बर्फ वितळताना ते पायावरून सरकलं आणि एका अंगावर कललं. दुसऱ्या कुणीही ते पाडलं असतं. डेलमारने त्याला खिडक्या बसवल्या, बाहेर 'अजब घर: इथे गोटी चढावर जाते' असा फलक लावला, आणि तीस उन्हाळे तो तलावाकडे सहलीला निघालेल्या कुटुंबांना ते दाखवत आला. आत एक खुर्ची भिंतीवर अधांतरी ठोकलेली, झाडू कशाचाही आधार न घेता उभा. एका कोपऱ्यात माणूस उभा केला की निम्म्या उंचीचा दिसतो. "सासूबाईंना इथे उभं करा, तेवढं समाधान वर्षभर पुरेल," हा विनोद तो दिवसातून दहा वेळा करी आणि दहाही वेळा स्वतःच आधी हसे. पोरांना सांगे, जमिनीखाली एक तारा पडलाय, त्याची ओढ आहे.

"तारा नाही, याचा बाप पडला होता," त्याची बायको आर्विला तिकिटं फाडता फाडता म्हणे. "पायरी दिसली नाही त्यांना."

आर्विलाचं म्हणणं असं, की इतकी वर्षं वाकड्यात वावरून नवऱ्याची नजरच वाकडी झाली. चर्चमध्ये तो डावीकडे कलून उभा राहतो, हे खरंच आहे. राहत्या घरात त्याने लावलेल्या फळीवर बशी ठेवली तर ती स्वतःहून खाली येते. आणि स्वयंपाकघराची जमीन. वाटाणे सोलताना एक निसटला की थेट फ्रिजखाली. ती जमीन सरळ करून देतो असं डेलमार एकसष्ट सालापासून म्हणत होता. हंगाम संपला की.

जूनच्या एका बुधवारी वादळ झालं. डेलमार त्या वेळी डुलुथला होता, बहिणीचं गुडघ्याचं ऑपरेशन होतं. वाऱ्याने त्याच्या गोठ्याचं छप्पर अर्धं उचकटलं आणि वाकड्या घरासमोरचा फलक पार उडवून नेला. शुक्रवारी सकाळी दोन पिकअपमधून आठ माणसं येऊन उतरली. नॉर्थ डकोटातल्या कुठल्याशा चर्चची सुतारमंडळी, आपल्यासारखीच नॉर्वेच्या रक्ताची. जिथे वादळ होईल तिथे जायचं, फुकट दुरुस्ती करायची, हा त्यांचा नेम. त्यांचा म्होरक्या ऑर्डेल, सत्तरीचा, खिशात कायम ओळंबा.

दहापर्यंत छप्पर झालंसुद्धा. मग सगळे आर्विलाच्या स्वयंपाकघरात कॉफीला बसले. मी शेजारीण, रुबार्बचा केक घेऊन गेले होते, मीही बसले.

ऑर्डेल खिडकीतून बघत होता. "मिसेस स्टेन्सरुड, ते टोकाचं खोपटं बिचारं फारच कललंय. हात लावायचा का त्याला?"

"नको, नको. जुनंच आहे ते," आर्विला म्हणाली.

"अर्ध्या दिवसाचं काम."

"तुम्हाला उगीच त्रास."

"आम्हाला कसला त्रास?"

आता तिसरं नको यायला हवं होतं. आर्विला उठली. "कॉफी बघते," म्हणाली, आणि आमच्याकडे पाठ करून स्टोव्हपाशी उभी राहिली. ऑर्डेलने थोडा वेळ वाट पाहिली, मग टोपी घालून उठला. त्याच्यामागे सातही जण उठले. मी तोंड उघडायला हवं होतं हे मला कळतं. पण दुसऱ्याच्या घरातलं नको मी कसं म्हणणार?

डेलमार संध्याकाळी परतला तेव्हा आठही जण अंगणात रांगेने उभे होते, भेटवस्तू उघडायची वाट बघणाऱ्या पोरांसारखे. खुराडं फुटपट्टीसारखं सरळ झालं होतं. डेलमार आत गेला. भिंतीवरची खुर्ची काढून त्यांनी जमिनीवर ठेवली होती, वर उशी. झाडू खिळ्याला टांगलेला.

आमच्याकडे एखादी गोष्ट अगदीच भयंकर असली की माणूस 'वेगळंच आहे' म्हणतो. त्याहून कडक शब्द आम्हाला येत नाही. आणि डोळ्यांत पाणी येण्याइतकं काही आवडलं तर 'वाईट नाही'. डेलमार बाहेर आला. त्याने खुराड्याकडे पाहिलं, मग ऑर्डेलकडे.

"वाईट नाही," तो म्हणाला.

ऑर्डेल कानापर्यंत लाल झाला. डेलमारने आठही जणांशी हात मिळवले. पाया अजून बसेल, लागले तर असू द्यात म्हणून ऑर्डेलने घर उचलायचे दोन जॅक मागे ठेवले, पुढच्या आठवड्यात परतताना नेणार होता. पिकअप वळणाआड गेल्या तरी डेलमार हात हलवत होता.

"वेगळंच दिसतंय," मग तो म्हणाला.

मी केकचं ताट न्यायला स्वयंपाकघरात गेले आणि त्यांच्या बोलण्यात सापडले.

"तू नको म्हणाली नाहीस?"

"म्हणाले. दोनदा."

"आणि तिसऱ्यांदा?"

"कॉफी उतू जात होती."

डेलमारने माझ्याकडे पाहिलं. मी काटेचमचे मोजायला लागले. ते माझे नव्हतेच.

अडचण रविवारची होती. जूनच्या दुसऱ्या रविवारी आयोवाहून क्वामी कुटुंब येतं, चाळीस माणसं, सलग एकवीस वर्षं. त्यांची पणजी योरुन त्या कोपऱ्यात उभी राहते, शेजारी घरातलं सगळ्यात धाकटं पोर, आणि फोटो निघतो. ती आता एक्याण्णवची. तिच्या सुनेचं पत्र आलं होतं: आई या वर्षी चर्चलाही जात नाहीत, पण अजब घराला जायचं म्हणतात. डेलमारने उलट टपाली 'वाट बघतो' असं लिहिलं होतं.

"सरळ घर बघायला आयोवाहून कोण येतं," तो मला म्हणाला. "तिकडे सगळं सरळच आहे."

शनिवारी सकाळपासून तो जॅकला भिडला. थोडं वर घेतलं, गोटी हलेना. जास्त घेतलं, तर ती आंधळ्यालाही उतार दिसावा अशी पळाली. तो कल त्याने कधी केलाच नव्हता, तो बर्फाने केला होता. डेलमारने फक्त खिडक्या बसवल्या होत्या. तीस वर्षं तो ज्याच्याविषयी बोलत होता ते त्याला मुळात करताच येत नव्हतं, हे त्याला पासष्टाव्या वर्षी कळलं. दुपारी तो पायरीवर बसला. तारा कुठे पडला वगैरे आता कुणाला सांगणार नाही, म्हणाला. उद्या त्यांना कोंबड्यांचं खुराडं दाखवीन आणि लिंबू सरबत देईन.

आर्विला शुक्रवारपासून त्याच्याशी मोजकंच बोलत होती. खिडकीतून बघत मात्र होती. ती आली ती हातात जस्ताची जुनी, पोचा पडलेली बादली घेऊन. चौसष्ट सालापासून वाकड्या घराच्या गळक्या कोपऱ्यात ठेवलेली तीच. सुतारांनी ते गळकं छप्पर बुजवून ती घासायला म्हणून तिच्या दारात आणून ठेवली होती.

"आत बघ," ती म्हणाली.

आत गंजाची एक रेघ होती, बादलीच्या एका बाजूला वर, दुसरीकडे खाली. चोवीस वर्षं पाणी त्या कलत्या जमिनीवर तसंच उभं होतं.

"बादलीचा पोचा दाराकडे," आर्विलाने मला बजावलं, आणि बादली तिच्या जागी ठेववून घेतली. मी रेघेच्या मध्यापर्यंत पाणी ओतलं. जॅकने जमीन कलवत जायची आणि पाणी सगळीकडून रेघेला टेकलं की थांबायचं, एवढंच काम. डेलमार जॅकचा दांडा धरून तसाच उभा राहिला.

"उतू जात नव्हती," आर्विला म्हणाली.

"तुझी कॉफी कधीच उतू गेली नाही."

"त्यांनी दोन तासांत छप्पर केलं, डेलमार. दोन तासांत. मी सत्तावीस वर्षं फ्रिजखालचे वाटाणे काढतेय. तिसऱ्यांदा तोंडातून आलंच नाही."



"मग राहू द्यायचं का सरळ?" त्याने विचारलं.

"नको."

"खरंच राहू देतो. फलकही गेलाच आहे."

"नको म्हटलं ना. एवढी माणसं येणार."

डेलमारने दांड्यावरचा हात काढला आणि गावाच्या रीतीप्रमाणे थांबला. मग विचारलं, "राहू दे, आर्विला?"

तिने आधी पाण्याकडे पाहिलं, मग अंगणापलीकडच्या आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे.

"नको," ती म्हणाली. "पण ते जॅक ऑर्डेलकडे जायच्या आत मला सोमवार हवा."

"हंगाम संपला की..."

"डेलमार."

"सोमवारी," तो म्हणाला आणि दांडा दाबला.

रविवारी योरुन क्वामी काठी टेकत कोपऱ्यात उभी राहिली आणि दोन वर्षांच्या पणतूएवढी दिसली. सासूबाईंचा विनोद झाला. तिची सून, तीही आता सत्तरीची, सगळ्यात मोठ्याने हसली.

सोमवारी डेलमारने स्वयंपाकघराखाली जॅक लावले. पाणसळ नको, नजरेने करतो, म्हणाला. तिन्हीसांजेला कपडे झटकत वर आला आणि दारात उभा राहिला. आर्विलाने मुठीतून एक वाटाणा जमिनीवर सोडला. तो क्षणभर थांबला, मग हळूच निघाला, या वेळी फ्रिजकडे नाही, स्टोव्हकडे.

आर्विलाने वाटाण्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"वाईट नाही," ती म्हणाली.