खारीच्या सुया

माझ्या नवऱ्याला, श्रीकांतला, हे ठाऊक नाही. माझ्या बहिणीलाही नाही, आणि तिच्यापासून मी आयुष्यात फारसं काही लपवलेलं नाही. समोर बसून कुणाला सांगायचा धीर होत नाही, म्हणून लिहिते आहे. तुम्ही ऐकता आहात असं धरून चालते.

मी संशयी बाई आहे. हॉटेलात गेलं की आधी चादरीचा वास घेते. भाजीवाला तागडीवर हात ठेवतो का, ते बघते. कुणी फार गोड बोललं की याला काय हवंय, असं मनात येतं. घरात याची थट्टा होते. पण एक गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही — जी बाई सगळ्यांवर संशय घेते, तिच्यावर कुणी घेत नाही.

खारी आमची कुत्री. ठाण्यात आमच्या सोसायटीच्या गेटपाशी पिल्लू असताना सापडली. खारी बिस्किटासारखा रंग, म्हणून खारी. श्रीकांतचा तिच्यावर भारी जीव. दर वर्षी तिला रेबीजची सुई द्यायची असते. त्या वर्षी श्रीकांतला कामासाठी बाहेरगावी जायचं होतं, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मी तिला घेऊन गेले. दवाखान्यात गर्दी होती, खारी थरथरत होती, पट्टा ओढत होती. मी अर्धा तास उभी राहिले आणि परत आले. पुढच्या आठवड्यात जाऊ, म्हटलं. श्रीकांतने फोनवर विचारलं, झालं का? मी म्हटलं, झालं.

एवढंच. केवढीशी थाप! तुम्हीही अशा मारल्या असतील. पुढचा आठवडा आलाच नाही.

त्याच हिवाळ्यात श्रीकांतने तंबूत राहायची टूम काढली. मुंबईपासून फार लांब नको, आणि खारीला चालेल अशी जागा हवी. रोह्याजवळ, वरसेच्या थोडं पुढे, कुंडलिकेच्या काठी कुणीतरी आपल्या शेतात चार तंबू ठोकले होते. फोनवर त्या माणसाने विचारलं, कुत्रीला सुया दिल्यात ना? श्रीकांतने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्याने सांगितलं, हो, सगळ्या.

शनिवारी सकाळी निघालो. पेणला थांबून श्रीकांतने पापड घेतले, खारीने खिडकीतून तोंड बाहेर काढून सगळ्या बाजाराला दर्शन दिलं. मी मात्र वाटभर विचार करत होते — कसली माणसं असतील? पाणी कुठलं देतील?

तिथलं सगळं मंदा बघायची. शेताच्या मालकाची भावजय, पस्तिशीची. आठवडाभर धाटावला एका कंपनीच्या कँटिनमध्ये काम करायची आणि शनिवार-रविवार इथे. सोबत तिची सासू, काठी टेकत फिरणारी. मंदा सारखी हसायची. मला ते खटकलं. खारी तर पहिल्या तासातच तिच्या मागे मागे फिरायला लागली. माझ्या हातचं बिस्किट तिने हुंगून सोडलं आणि मंदाने टाकलेला भाकरीचा तुकडा मटकावला. ही काय घालते आहे हिला? — खरंच सांगते, मी मंदाची पाठ वळल्यावर तो भाकरीचा डबा उघडून पाहिला. भाकरीच होती.

संध्याकाळी पोपटी लावली. वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडीचे तुकडे मडक्यात भरले, वरून भांबुर्ड्याचा पाला कोंबला आणि मडकं उपडं घालून भोवती जाळ केला. अंधार पडायच्या आत मडकं फोडलं. वास सुटला आणि खारी पिसाळल्यासारखी —

बघा, हा शब्द मी सहज लिहून गेले.

खारीने एक तुकडा पळवला, हाडासकट. हाड घशात अडकलं. ती खोकायला लागली, डोळे बाहेर आले. श्रीकांत गाडीतून काहीतरी आणायला गेला होता. मी नुसती ओरडत होते. मंदाने खारीचा जबडा धरला, दुसरा हात आत घातला आणि हाड ओढून काढलं. हाड बाहेर आलं तसा खारीने जबडा मिटला. मंदाच्या अंगठ्याखाली दोन दात खोल रुतले. मी खारीला मागे खेचताना माझ्याही बोटावर दात घासला. बारीकसा ओरखडा. तो कुणी पाहिला नाही. मी हात ओढणीत गुंडाळला.

"गो मंदा, चुना लाव त्यावं," सासू म्हणाली.

मी चुना लावू दिला नाही. मंदाला नळाखाली नेलं आणि साबणाने तिचा हात धूत राहिले. धूतच राहिले, दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. कारण मला माहीत होतं. तिला काय वाटलं असेल? ती म्हणाली, "किती करताय ताई माझ्यासाठी. घरचं मानूस पन नाय करत एवढं."

मग तिने विचारलं. अगदी साधेपणाने.

"कुत्रीला सुया दिल्यात ना ताई? नाय तं मला दवाखान्यात जाया लागंल. पाच येळा बोलवतात. कंपनीत सुट्टी देत नाय हो."

श्रीकांत धावत आला होता. तो शेजारीच उभा होता. मी काय म्हणायला हवं होतं? तीन शब्द होते — नाही दिल्या, जा. पण ते बोलले असते तर श्रीकांतच्या समोर मी उघडी पडले असते. आणि आणखी एक, त्याहून घाणेरडं, मनात आलं. ही उद्या गावभर बोलेल, भाऊबंद घेऊन येतील, आपल्याला अडकवतील. जिने माझ्या कुत्रीच्या तोंडात हात घातला, तिच्याबद्दल मी हे मनात आणलं.

मी म्हटलं, "दिल्यात की, सगळ्या. काही काळजी करू नकोस."

"मंग झालं," मंदा म्हणाली आणि शेंगा वाढायला गेली.

आता खरी गोष्ट. आत्तापर्यंत सांगितलं ते भित्रेपण. त्याच्या पुढचं काय म्हणायचं, मला कळत नाही.

सोमवारी सकाळी ठाण्यात मी एकटी डॉक्टरांकडे गेले आणि स्वतःला रेबीजची सुई टोचून घेतली.

हो. माझ्या बोटावर ओरखडा होता, आणि तिच्या हातात दोन दात रुतले होते. मी डॉक्टरांना सांगितलं, रस्त्यावरच्या कुत्र्याने ओरखडलं. घरी सांगितलं, अशक्तपणाची इंजेक्शनं सुरू केली आहेत. तिसऱ्या दिवशी दुसरी घेतली. सातव्या दिवशी तिसरी. डॉक्टर म्हणाले होते, कुत्रं दहा दिवस जिवंत आणि ठणठणीत राहिलं तर धोका नाही. ते रस्त्यावरचं कुत्रं दिसतंय का, असं ते विचारायचे. मी म्हणायचे, दिसतं अधूनमधून.

ते दहा दिवस मी खारीवर पाळत ठेवून होते. तिच्या तोंडातून लाळ गळते का? आवाज बदलला का? कोपऱ्यात का जाऊन बसली? पाण्याचं भांडं भरून ठेवायचे आणि पातळी बघत बसायचे. पाचव्या दिवशी ती पाण्याला शिवली नाही. दुपारपर्यंत नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तिच्याकडे पाहत होते, आणि ती शेपटी हलवत माझ्याकडे. फोन हातात होता. मंदाचा नंबर त्यात होता. कुणालाही वाटेल, आता तरी हिने फोन केला असेल.

चार वाजता खारी उठली आणि भांडं रिकामं केलं. मी फोन ओट्यावर ठेवला.

आठव्या दिवशी मंदाचाच फोन आला. मी उचलला नाही. पुन्हा आला, पुन्हा नाही. हिला काही होतंय का? की हिला कुणी काही सांगितलं? संध्याकाळी श्रीकांत म्हणाला, "मंदाने मला फोन केला होता. खारीचा घसा दुखत नाही ना, विचारत होती." हात कसा आहे तिचा, मी विचारलं. तो म्हणाला, "अरे, ते विचारायचं राहिलंच."

दहावा दिवस गेला. खारी ठणठणीत होती. मंदाला काही झालं नाही. बाराव्या दिवशी मी खारीला राहिलेली सुई देऊन आणली. आणि माझ्या राहिलेल्या दोन सुयाही मी घेतल्या. 'ते रस्त्यावरचं कुत्रं' अजून धडधाकट फिरतंय, हे डॉक्टरांना सांगितलंच नाही.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही परत तिथेच गेलो. श्रीकांतचा हट्ट. मंदाने खारीला कवेत घेतलं. तिच्या अंगठ्याखाली दोन पांढरे ठिपके होते. सासूच्या पोटरीला फडकं बांधलेलं दिसलं. आदल्या दिवशी गावातलं एक भटकं कुत्रं चावलं होतं. चुना लावून बसली होती.

"दवाखान्यात नेलं नाहीस?" मी विचारलं.

"मला कुठं काय झालं व्हतं?" मंदा हसली.

मी श्रीकांतला गाडी काढायला लावली. म्हातारी नको नको म्हणत होती, तिला मागच्या सीटवर बसवलं आणि रोह्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. सुई दिली. पुढच्या तारखा कागदावर लिहून घेतल्या, मंदाकडून वदवून घेतल्या. श्रीकांत माझ्याकडे कौतुकाने बघत होता.

दवाखान्याच्या बाकावर मंदा माझ्या शेजारी बसली होती. जरा वेळाने म्हणाली, "ताई, माझ्या येळी तं तुम्ही काळजी नको बोललात."

श्रीकांत म्हातारीसोबत आत होता. आम्ही दोघीच होतो. तिथे कुणी ऐकणारं नव्हतं.

"खारीला दिल्या होत्या ना सुया," मी म्हटलं. तिच्या डोळ्यांत बघून म्हटलं.

मंदा माझ्याकडे बघत राहिली. थोडा जास्तच वेळ. मग म्हणाली, "व्हय, ते पन हाय."

तिला कळलं का? तेव्हापासून मी हेच शोधते आहे, त्या चार शब्दांत काही होतं का. त्यानंतर तिने फोन केलेला नाही. सासू बरी आहे, हे श्रीकांतने तिच्या दिराकडून ऐकलं. खारी म्हातारी होऊन मागच्या वर्षी गेली. मंदाला ते कळवावं असं श्रीकांत दोनदा म्हणाला. नंबर माझ्याकडेही आहे. मी फोन केलेला नाही.